कागद कुणाला हवा?

भोसरीत माझं मशिनशॉप आहे. मेकॅनिकलची पदवी घेतलेली मुलं हल्ली सीएनसी ऑपरेटरच्या जागेसाठी येतात आणि आयटीआयवाल्याइतकाच पगार मान्य करतात. मी त्यांच्या हातात ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर देतो. टॉलरन्स वाचता आला, जॉब मोजता आला, तर पुढचं बोलणं. गुणपत्रिका शेवटी बघतो.

म्हणून पदवीला किंमत उरली नाही, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्याकडचे सर्वांत जाणते टर्नर दहावी नापास आहेत. सगळं शॉप त्यांना मामा म्हणतं. बोअरिंग चालू असताना नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे ते ओळखतात. नवे इंजिनिअर त्यांच्याकडूनच शिकतात. पण मोठ्या कंपनीच्या पहिल्याच चाळणीत मामांचा अर्ज गळतो. आयटीआयमध्ये शिकवायची त्यांची फार इच्छा, तिथंही दार बंद. कागद निरुपयोगी झाला, हे बोलणं कागद असलेल्यांनाच परवडतं.

काम शिकता शिकता कागद मिळवायची एक वाट म्हणजे शिकाऊ उमेदवारी. तिचा कायदा १९६१चा आहे. ३० किंवा अधिक कामगार असतील तर उमेदवार घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. या ऐच्छिकपणाचा आधार घेऊन माझ्या ओळखीचे कितीतरी मालक पोरांना हेल्पर म्हणून राबवतात. पोरगा काम शिकतो, पण दुसरीकडे दाखवायला त्याच्या हातात काहीच नसतं. हा सरळसरळ अन्याय आहे. छोट्या शॉपच्या मालकांनो, मुलांची रीतसर नोंदणी करा, परीक्षेला बसवा आणि त्यांचं प्रमाणपत्र त्यांना मिळू द्या.