तांब्यांचे एक गाणे आणि उतरते वय

जुनी गाणी माणसाला त्याच्या तारुण्यात परत नेतात, हा सर्वमान्य समज मला अर्धाच खरा वाटतो. कारण तबकडीवर एकदा उमटलेला स्वर चाळीस-पन्नास वर्षांतही यत्किंचित ढळत नाही, ढळलेला असतो तो ऐकणारा, आणि म्हणून असे गाणे पुन्हा कानी पडले की आयुष्याच्या जमाखर्चाची आपोआप रुजवात होते.

भास्कर रामचंद्र तांबे यांच्या ‘जन पळभर म्हणतील’ या कवितेचेच पाहा. मध्य भारतातील संस्थानांच्या चाकरीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली आणि 1941 साली ज्यांचे देहावसान झाले, त्या कवीची ही रचना वसंत प्रभू यांच्या चालीवर लता मंगेशकरांच्या कंठातून महाराष्ट्रात घरोघर पोहोचली, तेव्हा ती ऐकावयास कवी हयात नव्हता. आपल्या पश्चात सृष्टीचे व्यवहार अव्याहत चालतील असे सांगणाऱ्या कवितेस याहून मोठी साक्ष कोणती हवी?

विशीत ऐकताना या गाण्यातील दुःख मला फार गोड वाटे. त्या वयात मृत्यू हा कल्पनेचा अलंकार असतो. गाण्यातला जाणारा तो मी, आणि मला विसरणारे जग कृतघ्न, अशी माझी भावना असे. पुढे वडील गेले. तेराव्याचे सोपस्कार आटोपून, वारसाची नोंद आणि सात-बाराचा फेरफार यांसाठी तलाठ्याच्या चावडीपासून मामलेदार कचेरीपर्यंत हेलपाटे घालून झाल्यावर, नित्याच्या रगाड्यात त्यांची आठवणही दिवसचे दिवस येईनाशी झाली असता, कुठल्याशा दुकानातल्या रेडिओवर ते सूर कानी पडले, आणि प्रथमच उमगले की, क्षणभर हळहळून आपापल्या उद्योगाला लागणारे जे जन कवीने वर्णिले, त्यांत मीही आहे.

आता साठी उलटल्यावर तेच शब्द मला निष्ठुर वाटत नाहीत. आपण नसतानाही पाऊस पडेल, पेरण्या होतील, नातवंडे शाळेत जातील, ही जाणीव वार्धक्यातला फार मोठा आधार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्यावाचून सारे अडेल या भ्रमाने ज्यांनी किल्ल्यांचा जुडगा अखेरपर्यंत कमरेला बाळगला, त्यांचे म्हातारपण कष्टी झालेले मी पाहिले आहे.

हा अर्थ कोणी समजावून देऊ शकत नाही, त्याला वयच यावे लागते. तथापि ज्याच्या कानावर बालपणी ते सूर पडलेच नाहीत, त्याला उतारवयात ते आपले म्हणून भेटणार कसे? यास्तव वडीलधाऱ्यांस माझी कळकळीची विनंती आहे की, ही गाणी पोरांच्या वयाची नव्हेत म्हणून बंद करू नका, आणि त्यांचे विवरणही करीत बसू नका. दिवेलागणीच्या सुमारास मुले घरात वावरत असताना ती नुसती लावून ठेवा.