दुसऱ्याचा उंट

कोरोनाच्या काळात आमच्या मोहल्ल्यांत एक वाक्य फार ऐकू आले : मौत अल्लाहच्या हाती आहे, मास्कच्या नव्हे. वाक्य ईमानाचे वाटते. आम्ही त्याला पळवाट म्हणतो.

अशा वेळी 'आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव' ही हदीस सांगितली जाते. पण तो उंट स्वतःचा होता. मास्कचा सवाल दुसऱ्याच्या उंटाचा आहे. कोरोनाची लागण झालेला माणूस ताप-खोकला सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीच रोग पसरवू शकतो. काहींना तर लक्षणे दिसतच नाहीत. साधे कापड घालणाऱ्याला थोडेच वाचवते. पण बोलताना, शिंकताना उडणारे थुंकीचे थेंब तोंडापाशीच अडवते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने आपला आधीचा पवित्रा बदलून जून २०२० मध्ये गर्दीत मास्क वापरण्याचा सल्ला दिला. मग 'आपल्याला भीती नाही' या बढाईला अर्थ काय? निर्भय तरुणाच्या शेजारी, त्याच सफमध्ये, दम्याचा म्हातारा उभा असतो. तवक्कुल करायचे तर स्वतःच्या जिवावर करावे. दुसऱ्याच्या जिवावर केले की ती बेपर्वाई होते. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, हे फक्त देण्याघेण्याच्या पैशांपुरतेच आहेत काय?

कोणी म्हणेल, २०२० मध्ये तबलिगींच्या निमित्ताने साऱ्या समाजाला रोगाचे वाहक ठरवले, आमच्या भाजीवाल्यांना गल्लीत येऊ दिले नाही. त्या लोकांसाठी आम्ही तोंड का बांधावे? अन्याय झालाच होता. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यताही नोंदवली. पण उघड्या तोंडाने घेतलेला सूड आधी आपल्याच घरातल्या दादीवर उगवतो. आणि आरोप करणाऱ्या शेजाऱ्याचाही हक्क शेजाऱ्याचाच असतो.

पुढे दंड थांबला तसे मास्क आधी हनुवटीवर, मग खिशात गेले. म्हणजे ते चौकातल्या पोलिसासाठीच होते! मे २०२३ मध्ये कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. खोकला संपलेला नाही. शिंकताना हाताने वा कपड्याने तोंड झाकण्याची सुन्नत तर साथीच्या फार आधीची आहे. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात एवढेच सांगावे : खोकला असेल तर घरी नमाज पढा, आलातच तर तोंड झाका. शेजारच्या मुसल्यावरचा माणूस तुमची अमानत आहे.