कोळ्याचे नाव सांगण्याची घाई

बीडकडच्या काळ्या रानात, कपाशीच्या सऱ्यांतून, रात्री बॅटरी कपाळाशी धरून चालून पाहा. मातीवर दवाच्या थेंबांसारखे ठिपके चमकतील. ते लांडगा कोळ्याचे डोळे! इथवर ओळख सोपी. डोळे आठ, तीन रांगांत: पुढे बारीक चार, त्यांच्यावर मोठे दोन, मागे मध्यम दोन. मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडते.

पुढे मात्र आपण फसतो. पाठीवर फिकट पट्टा दिसला की चित्राशी ताडून जातीचे नाव ठोकून देतो. हे मला मान्य नाही. तसला पट्टा अनेक जातींत असतो. रंग वयाप्रमाणे बदलतो, आणि स्पिरिटच्या बाटलीत तर तो उडतोच. हिप्पासा ही प्रजाती गवतात नरसाळ्यासारखे जाळे विणते, म्हणून ती निदान प्रजातीपर्यंत ओळखता येते. पार्डोसा धावून शिकार करतो. त्याची जात ठरते ती प्रौढ मादीच्या जननद्वारावरील कठीण कवचाच्या घडणीवरून, किंवा नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादांच्या फुगीर टोकांवरून, तीही सूक्ष्मदर्शकाखाली. टिकादार व मल्होत्रा यांचा भारतीय लांडगा कोळ्यांवरील १९८० चा ग्रंथ याच खुणांवर भर देतो. पिलांची जात तज्ज्ञांनाही सहसा सांगता येत नाही.

चुकीचे नाव एकदा यादीत शिरले की बीडात नसलेली जातही तेथे आहे, असे पुढचे लोक धरून चालतात. तेव्हा शिक्षकहो, वहीत ‘लांडगा कोळी, जात अनिश्चित’ असे कोणी लिहिले तर गुण कापू नका. तारीख, गाव, पीक आणि जाळे होते की नाही, हे लिहिले आहे का ते पाहा.