कुलूप कुठपर्यंत?

गेल्या महिन्यात माझ्या नातीने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. चूक माझीच!

दहावीला तिला चांगले ९४ टक्के मिळाले. मला कोण आनंद! गुणपत्रिका हातात धरलेला तिचा फोटो मी आमच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आठ दिवसांनी चौकात फ्लेक्स झळकला. एका क्लासच्या 'यशवंत विद्यार्थ्यां'मध्ये आमची नात! त्या क्लासची पायरीसुद्धा ती कधी चढलेली नाही.

"अगं, पण तिथे सगळं एन्क्रिप्टेड असतं ना?" मी म्हटलं.

"आजोबा, ते कुलूप वाटेपुरतं. पोचल्यावर ते उघडतंच. तुमच्या ग्रुपात साठ माणसं आहेत. आणि मुळात मला विचारलंत का?"

मी निरुत्तर. मग जरा वाचून समजून घेतलं. फोटो म्हणजे संगणकाच्या लेखी नुसते आकडे. किल्ली वापरून ते असे बदलतात, की मधल्यामध्ये कोणी पळवले तरी हाती अर्थहीन आकडेच लागावेत. व्हॉट्सॲपने २०१६ साली सगळ्यांसाठी ही सोय केली. २०२१ मध्ये एकदाच उघडणारा फोटोही आला. पण समोरच्याने दुसऱ्या मोबाइलने पडद्याचाच फोटो काढला तर? तिथे गणित संपतं, माणूस सुरू होतो.

म्हणून कुलूप नकोच, असं मात्र नाही. आधार पाठवायचं तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत पाठवावी. महत्त्वाच्या कागदाचा फोटो पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये ठेवावा आणि पासवर्ड फोनवर सांगावा. त्याच मेसेजात लिहिला तर किल्ली कुलपालाच लटकवून गेल्यासारखं!

पण नातीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. शाळेत एखादी चिठ्ठी बाकाखालून जाताना सापडली, की मी ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवीत असे. वर्ग खो खो हसे. शिस्त लावतोय असं वाटायचं. ज्याची चिठ्ठी असायची त्याची खाली गेलेली मान तेव्हा मला दिसली नाही. आता दिसते.

असो. नातीची मी माफी मागितली. त्या मुलांची कशी मागू?

आता फोटो टाकण्याआधी ज्याचा आहे त्याला विचारतो. तुम्ही विचारता?