गाय संपावर जात नाही

दिवाळीच्या फराळाबरोबर संपाचा विषय कशाला, अशी तक्रार आमच्या घरातूनच झाली. पण मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एखादा शब्द चिकटला की सुटत नाही. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. काम थांबवण्याला तिकडे ‘हडताळ’ म्हणतात. हाटाला, म्हणजे बाजाराला, ताळे लावणे. त्या हडताळाचा आपण हरताळ केला आणि काम बंद ठेवण्याला मात्र एकोप्याचाच शब्द दिला. या शब्दाची किंमत मला कळली ती मामांच्या गोठ्यात.

आमच्या मामांनी आयुष्यात दोन मोठे संप केले. पहिला मुंबईचा गिरणी संप. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. नुकतेच लग्न होऊन खोली केलेले मामा त्यांतलेच एक. वर्ष उलटले तरी संप मिटेना. रीतसर मागे तर तो कधी घेतलाच गेला नाही. गिरणगावातली कितीतरी बिऱ्हाडे कोकणात आणि घाटावर परतली. मामाही मामी आणि एक ट्रंक घेऊन आंबेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी आले. पुढे घोड नदीवर डिंभे धरण झाले, कालव्याला पाणी आले. बाजरीच्या वावरात टोमॅटो उभा राहिला, गोठ्यात चार संकरित गाई आल्या. टोमॅटो जायचा शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजारात.

दुसरा संप १ जून २०१७ चा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी हाक दिली आणि बघता बघता ती राज्यभर गेली. शहरांना भाजी पाठवायची नाही, दूध घालायचे नाही. कर्जमाफी हवी आणि उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव हवा, या मुख्य मागण्या. मामांनी गावच्या सभेत पहिला हात वर केला. गिरणीतला जुना गडी तो, संप म्हटल्यावर मागे कसा राहील?

शेतकऱ्याचा संप महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुल्यांच्या हयातीत, १८८० च्या दशकात, आमच्या या जुन्नर तालुक्यातल्याच कुळांनी खंड कमी व्हावा म्हणून सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायचे नाकारले होते. अलिबागजवळच्या चरीचा संप तर १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटलांच्या शब्दावर कुळांनी खोतांची शेते पडीक ठेवली, डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुळांनी हाल सोसले. पण जमीन दुसऱ्याची असल्यामुळे नांगर थांबला की खोतालाही झळ लागत होती. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारा मालक झाला. चांगलेच झाले. मात्र आता मालकाने संप करायचा तो कुणाविरुद्ध?

पाचव्या दिवशी मी गावी गेलो, त्या दिवशी ‘महाराष्ट्र बंद’ होता. टोमॅटोला दोन-तीन दिवसांआड तोडा लागतो. तोडा न करावा तर झाड बसते आणि करावा तर माल न्यायचा कुठे? बांधाला लाल खच पडला होता. वास येत होता. मामा त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

“मामा, गिरणीचा संप जड होता की हा?” मी विचारले.

“हा,” ते म्हणाले. “गिरणीला कुलूप लागलं तरी माग काही भुकेनं हंबरत नाही. आणि माग शेटजीचा होता. हे वावर माझं हाय.”

गोठ्यात मामीची धार चालली होती. रस्त्यावर दूध ओतल्याची चित्रे वर्तमानपत्रांत येत होती. मामीला ते मान्य नव्हते. “गाय संपावर जात नाही, बाळा. येळेला धार काढली नाही तर कास सुजती तिची.” संप मोडायचा नाही आणि दूध सांडायचे नाही, असा तिचा दुहेरी नेम. दोन दिवस तिने खवा आटवला. सरपण संपल्यावर कळशी घेऊन ठाकरवाडीवर गेली आणि पोरांना बसवून पेले भरले. पैसा अर्थात एकही आला नाही. गाईंची पेंड मात्र उधारीवर आलीच.

संध्याकाळी घाटकोपरहून मामांच्या लेकीचा फोन आला. “दादा, इथे टोमॅटो मिळत नाही हो. मिळाला तरी भाव किती!”

“तुझ्या वाटणीचा बांधावर पडलाय, बाई,” मामा म्हणाले. मग कुणीच काही बोलेना. मामीने फोन घेतला आणि विचारले, “पोरीला दूध मिळतंय का गं?”

पुढचे वर्तमानपत्रांत आलेलेच आहे. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलून काहींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले, बाकीच्यांना ते पटले नाही आणि एकोप्यालाच तडा गेला. तरीही दबाव टिकला. ११ जूनला सरकारने मागणी तत्त्वतः मान्य केली, २४ जूनला सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. थकलेल्या कर्जाला दीड लाखांपर्यंत माफी, नियमित फेडणाऱ्याला २५ हजारांपर्यंत प्रोत्साहन. सोसायटीचा हप्ता मामांनी कधी चुकवला नव्हता, म्हणून ते दुसऱ्या यादीत बसले. पण टोमॅटोला हमीभाव तेव्हा नव्हता आणि अजूनही नाही.

माझ्या मते त्या संपात कमी पडला तो आपला, शहरातल्या घरांचा एकोपा. भाजी महागली की आपण बोलतो. कॅरेट मातीमोल गेले की ती बातमी आपण वाचून घडी घालतो. वास्तविक या दोन्ही टोकांना पुष्कळदा एकाच घरातली माणसे असतात, आमच्या मामांच्या घरासारखी.

दिवाळी सुरू होते वसुबारसेने. त्या दिवशी मामी गाय-वासराला ओवाळते आणि स्वतः दुधाचा थेंब तोंडात घालत नाही. धार मात्र काढते, आणि उजाडायच्या आत किटली केंद्रावर पोहोचलेली असते.