सुई टोचून झाल्यावर

सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्गातून जातो. ट्रक, ढाबे, ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या. एचआयव्हीचा विषय निघाला की आपण डॉक्टर मंडळी याच रस्त्याकडे बोट दाखवतो. त्यात खोटे काही नाही. महाराष्ट्रात हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधांतूनच पसरला. पण त्या नादात आपल्याच टेबलाखालच्या बादलीत काय पडले आहे, ते पाहायचे राहून जाते.

संशोधकांनी त्यांचे काम चोख केले. भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली. एचपीटीएन ०५२ या नऊ देशांतल्या चाचणीत पुण्याची जोडपीही होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केले, तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये तिने दाखवले. २०१७ पासून निदान होताच मोफत औषध सुरू करण्याचे धोरण आहे. आता सुया नीट टाकण्याची पाळी आपली.

खेड्यातल्या ओपीडीत ‘डॉक्टर, सुई टोचाच’ हा आग्रह नवा नाही आणि आपण तो मोडत नाही. टोचून झाले की दोन हातांनी टोपण परत सुईवर बसते. नीडल कटर कपाटावर धूळ खात असतो. संध्याकाळी झाडणाऱ्या मावशी पिशवी हाताने दाबून गाठ मारतात. सुई घुसते ती तिथे. सलाईनच्या बाटल्या भंगारवाल्याकडे जातात. गुजरातेत मोडासा येथे २००९ मध्ये हेपॅटायटिस बीने डझनावारी बळी घेतले, तेव्हा वापरलेल्या सिरिंजा पुन्हा बाजारात येतात हे उघडकीला आले.

एचआयव्हीचा बागुलबुवा करण्याची मात्र गरज नाही. बाधित सुई टोचली तर त्याच्या लागणीची शक्यता हजारात तीन. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, आणि तो विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तगतो. खरी भीती त्याची बाळगा. सुई नीट टाकली की दोन्ही टळतात.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम छोट्या दवाखान्यालाही लागू आहेत. सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, सुई काढलेल्या सिरिंजा व नळ्या लाल पिशवीत, आणि कचरा ४८ तासांच्या आत बाहेर. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल, तर स्वतःची भट्टी किंवा खड्डा करायचा नाही. नळदुर्गहून सोलापूरचे केंद्र त्या अंतराच्या आत आहे. तेव्हा ‘मागच्या आवारात खड्डा केलाय’ हे उत्तर चालणार नाही. गाडी रोज येत नाही, पैसे जास्त घेतात, या तक्रारी खऱ्या असतील. चार दवाखान्यांनी मिळून त्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे न्याव्यात.

सुई लागलीच तर जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत घ्यावा आणि औषध २८ दिवस चालवावे. हा डोस रात्री दहा वाजता तुमच्या गावाजवळ कुठे मिळतो, ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. आणि हेपॅटायटिस बीच्या तीन डोसांची नोंद झाडणाऱ्या मावशींच्या नावे आहे का, ते याच आठवड्यात तपासा. नियमांनुसार ती लस त्यांनाही द्यावीच लागते.