डिश आग्नेयेकडे

प्रवासाला जाऊन टीव्ही बघणाऱ्या माणसांबद्दल आपलं मत फारसं चांगलं नसतं. ‘एवढे पैसे घालून तिथं गेले आणि टीव्ही लावून बसले’ हे वाक्य मी लग्नघरात ऐकलंय, रेल्वेत ऐकलंय, आपल्या वर्गातसुद्धा ऐकलंय. 2024च्या जूनअखेरीस मी स्वतःच ते फोनवर आईला म्हटलं. ज्याच्याबद्दल म्हटलं तो माणूस तेव्हा माझ्यापासून चार फुटांवर, गाडीच्या बाहेर, पावसात डिश धरून उभा होता. म्हणून हा लेख.

तो माणूस म्हणजे माझा मामा. मूळ बार्देसचा. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्या अनेक गोवेकरांपैकी एक. तिथं त्याने एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली मोटरहोम घेतली आहे. आपल्याकडे ही वस्तू फारशी दिसत नाही म्हणून सांगते. टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा थोडी मोठी गाडी, आत गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, कपाटाएवढं न्हाणीघर, दिवसा टेबल आणि रात्री बिछाना होणारी एक जागा, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा टीव्ही. मी, मामा, मामी आणि मामेभाऊ असे चौघं त्या गाडीतून स्कॉटलंडला, फोर्ट विल्यमकडे निघालो. दोन दिवसांचा रस्ता.

माझ्या डोक्यात प्रवासवर्णन आधीच तयार होतं. पु. लं.चं ‘अपूर्वाई’ वाचलेलं, त्यामुळे मराठी माणूस विलायतेला गेला की त्याने काहीतरी लिहायचं असतं एवढं माहीत होतं. ग्लेनकोचे डोंगर आले, धुकं आलं, वहीत चार पानं झाली. आणि संध्याकाळी कॅम्पसाइटवर गाडी लागली की मामा बिछान्याखालून डिश आणि तिची तिपाई बाहेर काढायचा. ते मात्र वहीत येत नव्हतं.

डिश लावणं हे काय काम आहे ते मला तोवर ठाऊक नव्हतं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण 35,786 किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला ते आकाशात एका जागी थांबल्यासारखे असतात. ब्रिटनचे चॅनेल 28.2 अंश पूर्वेच्या अ‍ॅस्ट्रा उपग्रहांवरून येतात. बीबीसी आणि आयटीव्हीने मिळून 2008 साली सुरू केलेली फ्रीसॅट ही सेवा मामा वापरतो. एकदा डबा विकत घेतला की तिला महिन्याचे पैसे नाहीत. आमच्या बेळगावात डीडी फ्री डिशची छत्री चांगली साठेक अंश मान वर करून बघते, कारण विषुववृत्त आपल्याला जवळ. स्कॉटलंडमध्ये तीच मान वीस अंशांच्याही खाली येते. म्हणजे डिश जवळजवळ क्षितिजाकडेच बघत असते. मध्ये एक झाड आलं, टेकडी आली, शेजाऱ्याची उंच गाडी आली, की संपलं. पानं ओली असतील तर आणखीनच वाईट. आणि गाडी चालू असताना तर मामाची डिश बिछान्याखालीच. थांबल्याशिवाय त्या टीव्हीवर काही दिसतच नाही.

त्यामुळे कुठेही पोचलो की मामा आधी तलाव बघायचा नाही, आग्नेय दिशा बघायचा. मला याचं हसू यायचं. आता वाटतं, त्या जागेचं आकाश माझ्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं. कुठला डोंगर किती उंच, झाड कुठवर, वारा कुठून येतो, हे सगळं त्याला बघावंच लागायचं. मी पश्चिमेचे फोटो काढत होते, कारण सूर्यास्त तिकडे होता.

दुसरी गोष्ट मिज नावाच्या किड्यांची. चिलटापेक्षाही बारीक. उन्हाळ्यात वारा पडला आणि हवा दमट झाली की संध्याकाळी ढगाने येतात आणि कानात, केसात, पापण्यांवर बसून चावतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ज्यांनी जूनमधली संध्याकाळ बाहेर खुर्ची टाकून काढली आहे त्यांना माझा नमस्कार. आम्ही दहा मिनिटांत आत पळायचो आणि खिडक्या बंद. सूर्य मावळतो रात्री दहानंतर. सहा वाजता आत कोंडलेली चार माणसं दहापर्यंत काय करणार? आपली प्रवासवर्णनं हे सांगत नाहीत. त्यांच्यात सकाळ असते, शिखर असतं, भेटलेला एखादा गमतीदार म्हातारा असतो. पावसात बंद खोलीत काढलेले तास कुठे जातात? प्रवासाचा निम्मा वेळ तोच असतो. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला ही लबाडी वाटते, आणि ती मीही माझ्या वहीत करतच होते.

तर फोन. पाऊस होता, मामा बाहेर होता, आणि मी आईला म्हटलं, “इतक्या लांब येऊन हे लोक टीव्हीच बघतात गं. घरी काय कमी बघतात?” गाडीच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या असतात. मामाने बाहेरून विचारलं, “बाय, चित्र आलं काय बघ.” आलं होतं. तो भिजलेला आत आला, चहा घेतला, काही बोलला नाही. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बोलली ती मामी, दुसऱ्या दिवशी, भांडी विसळताना. मामा गोदामात रात्रपाळी करतो. ती म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये दिवसपाळी करते. घरी भिंतीवर मोठा टीव्ही आहे. “त्याच्यासमोर आम्ही पाळीपाळीने झोपतो,” ती म्हणाली. “दोघांनी बसून एक कार्यक्रम बघितला असं वर्षात या गाडीतच होतं.” मग तिने मला फडकं दिलं आणि कपबशा पुसायला लावल्या.

मला वाटायचं टीव्ही म्हणजे घरची सवय, आणि प्रवास म्हणजे ती सोडणं. पण ज्याला ती सवय घरी मिळतच नाही त्याचं काय? सुट्टीत वेगळं काहीतरी करावं हे ज्यांचं रोजचं आयुष्य जागेवर आहे त्यांना सुचतं. मामा-मामीला सुट्टीत साधं आयुष्य हवं होतं. आणखी एक गंमत बघा. फ्रीसॅटच्या डब्यात घराचा पोस्टकोड टाकलेला असतो, त्यावरून स्थानिक बातम्या ठरतात. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये बसून आम्ही स्विंडनकडच्या बातम्या बघत होतो. रस्त्याची कामं, तिकडचा पाऊस. मामा ते लक्ष देऊन बघायचा आणि मध्येच फोनवर म्हापशाची एखादी बातमी वाचून दाखवायचा. त्याची दोन्ही घरं त्या टेबलावर यायची.

याचा अर्थ मी शरण गेले असा नाही. एका संध्याकाळी पाऊस थांबला, वारा सुटला म्हणून किडेही नव्हते, आणि तलावाचं सगळं पाणी तांब्यासारखं झालं. मी तिघांना हाका मारल्या. ‘आलोच, आलोच’ करत कार्यक्रम संपवून आले तेव्हा पाणी पुन्हा राखाडी. त्या दिवशी मी चिडले होते आणि ते चिडणं बरोबरच होतं असं मला अजून वाटतं.

पण मग फोनचं काय? मामेभाऊ स्विंडनपासून फोर्ट विल्यमपर्यंत कानात बोंडं घालून फोन बघत होता. त्याला कोणी ‘एवढ्या लांब येऊन’ म्हटलं नाही, मीही नाही. खरं सांगायचं तर ग्लेनकोच्या दरीतून गाडी जात असताना मी कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं रील बघत होते. नेटवर्क गेलं तेव्हा मान वर केली. टीव्हीला हसणं सोपं, कारण तो मोठा असतो, सगळ्यांना दिसतो, आणि तो लावायला माणसाला भिजावं लागतं. फोन आपण बघतोय हे आपल्यालाही कळत नाही.

आता छतावर बसवायचे घुमट मिळतात. बटण दाबलं की ते उपग्रह आपोआप शोधतात, काही तर गाडी धावत असतानाही त्याच्यावरून नजर हलू देत नाहीत. भारी महाग. कॅम्पसाइटवर अशी एक गाडी आमच्या शेजारी होती. मामेभावाला हेवा वाटला. मला नाही वाटला. त्या गाडीतलं कोणी बाहेर येऊन आकाश बघताना मला दिसलं नाही.

1 जुलैला युरो स्पर्धेत पोर्तुगाल विरुद्ध स्लोव्हेनिया सामना होता. मामाचा पासपोर्ट पोर्तुगीज, त्यामुळे तो सामना म्हणजे घरचं कार्य. शून्य-शून्य बरोबरी, जादा वेळेत रोनाल्डोची पेनल्टी अडवली गेली, तो मैदानातच रडला, मामीही थोडी रडली. आणि पेनल्टी शूटआउट सुरू व्हायच्या आधी वारा आला आणि चित्राचे चौकोन झाले. मामा बाहेर पळाला. शेजारच्या कॅराव्हॅनमधला एक आजोबा पाण्याचा कॅन घेऊन आला आणि त्याने तो तिपाईला लटकवला, वजनासाठी. तरी डिश हलायचीच. शेवटी मामा ती धरूनच उभा राहिला आणि मी खिडकीची फट उघडून, किडे आत घेत, त्याला ओरडून सांगत होते. कोश्ताने पहिली अडवली. रोनाल्डोने मारली, गोल. दुसरी अडवली. मामा विचारत होता, “कुठल्या बाजूला?” मी सांगत होते, “डावीकडे! म्हणजे आपल्या डावीकडे!” तिसरीही अडवली. मग बर्नार्दो सिल्व्हा आला आणि सामना संपला. रात्रीचे पावणेअकरा वाजत आले होते आणि आकाशात अजून उजेड होता.

मामाने एकही पेनल्टी बघितली नाही. तो आत आला तेव्हा तिन्ही पुन्हा दाखवत होते. बूट न काढताच तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, “बाय, सरक जरा.”